जे बाळ रडलंच नाही

मेळघाट. घाटात मोबाईलची रेंज कधीच गेलेली, आणि एका उपकेंद्रात नर्सताई गरोदर बाईच्या पोटावर छोटंसं नळकांडं टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावून बसलीये. सगळे गप्प. ती बाळाचे ठोके मोजतेय, मिनिटाला 110 ते 160 पडायला हवेत.

आज पडतायत.

ज्या दिवशी ते ऐकूच येत नाहीत त्या दिवसाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. घरात म्हणतात ‘पोटातच गेलं’, सरकारी कागदावर ‘उपजत मृत्यू’. 28 आठवडे भरल्यावर जे बाळ जिवंत जन्माला येत नाही ते यात धरतात, म्हणजे पोटात लाथा मारणारं, आईला चांगलं ओळखीचं झालेलं बाळ.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2019 साली जगात असे जवळपास 20 लाख मृत्यू झाले, त्यातले सुमारे 3.4 लाख एकट्या भारतात. हजार जन्मांमागे 14 च्या आसपास. 2000 साली हेच प्रमाण 30 च्या जवळ होतं, म्हणजे काम झालंय, खूप झालंय, ते मान्य करायलाच हवं. पण आपल्याच सरकारी नमुना सर्वेक्षणात हा आकडा तीन-चारच्या घरात दिसतो! चौदा कुठे आणि चार कुठे, मधली बाळं गेली कुठे? कुणी घरीच बाळंत झाली, घरच्यांनी गुपचूप पुरून टाकलं, कुठे नोंद करायची हेच माहीत नाही, नोंदणीचा कायदा तर 1969 पासून आहे.

मोजल्याने काय होतं ते गडचिरोलीनं दाखवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत आधी प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू लिहून काढला, मग गावातल्याच बायकांना शिकवलं, आणि नवजात मृत्यू, म्हणजे जिवंत जन्मून पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांचे, 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्याची मुळं तिथे आहेत.

केंद्रानं 2014 मध्ये टार्गेट ठेवलं, उपजत मृत्यू 2030 पर्यंत हजारामागे दहाच्या खाली. त्यासाठी कळीची गोष्ट म्हणजे वेळ, कारण जगभरात यातली 40 टक्क्यांहून जास्त बाळं कळा सुरू झाल्यावर जातात, म्हणजे कळा येईपर्यंत ती जिवंत असतात हो! महाराष्ट्रात जवळपास 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात असं 2019-21 चा सर्वे सांगतो, पण उरलेल्या पाच टक्क्यांत कुठली गावं असतील ते वेगळं सांगायला नको, आणि दवाखान्यात पोचली तरी कधी पोचली, सिझर करणारा डॉक्टर तिथे होता का, की पुढे रेफर, परत गाडीची वाट. म्हणून आदिवासी भागात ‘माहेर घर’ काढलं, तारखेच्या आधीच येऊन आरोग्य केंद्राजवळ राहायचं. मला ही योजना मनापासून पटते. पण मागच्या लेकरांना कुणाकडे ठेवायचं, हा बायकांचा पहिला प्रश्न असतो.

केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला बाळ असं गेलं तर 2022 पासून 60 दिवसांची खास रजा मिळते. रोजानं जाणारीला कोण देणार?

एक आशाताई सांगत होत्या, तिसऱ्या दिवशी मी गेले तर ती पदर घट्ट आवळून बसलेली. दूध उतरलं होतं. त्याचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.