आकडा जुळला पाहिजे

[तापकीर गल्ली, सकाळ. शटर वर जातंय.]

पुण्याच्या बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. खाली वायरींची भेंडोळी, पंखे, एलईडीच्या माळा. अरुंद जिना चढून वर गेलं, की जुन्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचं हे टेबल.

[जवळून: कार्डाच्या सोनेरी पट्ट्या, खोडरबर]

रेडिऑन एचडी ५४५०. एएमडीचं, पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक्स कार्ड. बाजारात आलं २०१० साली. गिऱ्हाइकाची तक्रार अशी : "काका, कार्ड गेलंय. विंडोज नव्यानं टाकलं, नेट जोडलेलं नव्हतं, तेव्हापासून सगळं भलंमोठं दिसतंय."

काका वाद घालत नाहीत. ब्रशनं धूळ झटकतात, मग पोरांच्या दप्तरात असतं ते खोडरबर पट्ट्यांवर घासतात. काळपट थर निघतो. कार्ड खाचेत बसतं आणि मशीन सुरू होतं, पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या, कुणालाही बघता-बदलता येणाऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर.

[पडद्यावर अक्षरं धावतात]

इथे ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक खाचेत डोकावते. खोक्यावरचं चित्र, पंख्यावरचं स्टिकर तिच्या लेखी नाहीच. कार्डाच्या कॉन्फिगरेशन स्पेसमधले, म्हणजे त्यातल्या ओळखीच्या नोंदींमधले, पहिले चार बाइट ती वाचते. त्यात दोन आकडे : एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा चिपचा. कंपन्यांचे आकडे पीसीआय-सिग ही या खाचांचे नियम ठरवणारी संस्था देते. एएमडीचा १००२, एनव्हिडियाचा १०डीई. इंटेलनं मात्र ८०८६ घेतला, आपल्या १९७८ च्या प्रोसेसरचा. एवढी हौस चालायचीच.

[काकांचं बोट पडद्यावर : १००२:६८एफ९]

हा आपल्या कार्डाचा. शेजारी वर्ग, ०३०० : म्हणजे डिस्प्ले. हे सगळं जोडून एक लांबलचक ओळ तयार होते आणि 'मॉड्यूल्स डॉट एलियास' नावाच्या फाइलीत ती शोधली जाते. साधी मजकुराची फाइल, कुणीही उघडून वाचावी. आपल्याला कोणकोणते आकडे चालतात, ते प्रत्येक ड्रायव्हरनं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, आधीच नोंदवलेलं असतं. ओळ जुळली, 'रेडिऑन' ड्रायव्हर चढला. त्रिमितीय चित्रांचं काम पुढे मेसा हे खुलं सॉफ्टवेअर सांभाळतं.

[पडदा क्षणभर काळा, मग लख्ख]

विंडोजही आकडेच बघतं. तिथे यादी आयएनएफ फाइलींमध्ये असते. दोन-चार ड्रायव्हर दावेदार निघाले तर प्रत्येकाला क्रमांक मिळतो. ड्रायव्हरवर खात्रीची डिजिटल सही आहे का, जुळणी किती नेमकी, हे बघून ज्याचा क्रमांक लहान, तो निवडला जातो. कुणीच जुळलं नाही, तर मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. चित्र येतं, पण कामचलाऊ. गिऱ्हाइकाचं 'भलंमोठं' ते हेच.

कार्ड ठणठणीत आहे. रेशनच्या यादीतून नाव कटलं म्हणून माणूस काही मेलेला नसतो.

आणि नावं कटतात. २०१५ च्या नोव्हेंबरात एएमडीनं ही पिढी जुन्यांच्या खात्यात टाकली. लिनक्समधला खुला ड्रायव्हर मात्र तिला अजून ओळखतो, कारण त्याची यादी एकट्या कंपनीच्या हातात नाही. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी तसाच खुला 'नूव्हो' ड्रायव्हर आहे. कंपनीची कागदपत्रं हाताशी नसताना, कार्ड काय करतं ते बघत बघत लोकांनी तो लिहिला. २०१४ नंतरच्या कार्डांवर मात्र कंपनीनं सही केलेल्या फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, अट आली आणि नूव्होची गाडी अडखळली. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीनं आपलं कर्नेल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा लिनक्सच्या गाभ्यात चालणारा भाग, खुलं केलं. तेही ट्युरिंग ही कार्डांची पिढी आणि तिच्या पुढच्या पिढ्यांपुरतं. उशिरा आलेलं शहाणपण, आणि तेही अर्धंच.

[गल्लीच्या तोंडाशी टेम्पो]

ज्यांना कुणी ओळखत नाही, ती कार्डं भंगारात जातात.

[टेबल. दुसरं कार्ड.]

१०डीई:१०४ए. एनव्हिडियाचं जीफोर्स जीटी ६१०. लिनक्ससाठी कंपनीचा याला चालणारा शेवटचा ड्रायव्हर ३९० मालिकेतला, आणि त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबली. काका म्हणतात, "नूव्होवर लावून बघू. खेळ नाही चालायचे, पण टॅलीला काय लागतंय?"