अर्धी सही झालेली फाईल

(दृश्य: नागपुरातली सीताबर्डी. संध्याकाळची गर्दी, वर मेट्रोचा पूल.)

समजा, बहीण धरमपेठेत राहते आणि भाऊ इतवारीत. दोघांनी मिळून काही बिटकॉइन ठेवले आहेत. ते खर्च करायचे तर तीनपैकी दोन चाव्यांच्या सह्या लागतात. चावी म्हणजे सही करायचा गुप्त आकडा. एक चावी तिच्याकडे, एक त्याच्याकडे, तिसरी बँकेच्या लॉकरमध्ये. तिचं वॉलेट, म्हणजे चावी सांभाळून सही करणारं साधन, एका कंपनीचं, त्याचं दुसऱ्या कंपनीचं. ज्या यंत्रात चावी आहे ते दोघंही कधीच इंटरनेटला जोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण मग तिने केलेली सही त्याच्या यंत्राला समजणार कशी?

पूर्वी प्रत्येक वॉलेट आपापल्या पद्धतीने अर्धवट व्यवहार लिहून ठेवायचं. एकाची फाईल दुसऱ्याला वाचता येईलच असं नव्हतं. २०१७ साली एव्हा चाऊ या प्रोग्रामरने सगळ्यांसाठी एकच रचना सुचवली. तिचा क्रमांक बिप (बिटकॉइन सुधारणेचा प्रस्ताव) १७४, आणि सगळे तिला पीएसबीटी म्हणतात, म्हणजे ‘अर्धवट सही झालेला बिटकॉइन व्यवहार’ याचं इंग्रजी लघुरूप. २०१८ मध्ये बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य प्रोग्रामच्या ०.१७ आवृत्तीत ती दाखल झाली.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. फाईलचे बाइट एकेक करून उजळतात.)

फाईल उघडू या. पहिले चार बाइट, सोळाच्या अंकपद्धतीत: ७०, ७३, ६२, ७४. अक्षरांत वाचलं तर पी, एस, बी, टी. पाचवा बाइट एफएफ. तो मुद्दाम ठेवलाय. नेहमीचा व्यवहार वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती ही फाईल चुकून पडली, तर त्याने तिथेच अडायला हवं, भलताच अर्थ लावून पुढे जायला नको.

त्यानंतर सगळा मजकूर जोड्यांमध्ये आहे. डावीकडे नाव, उजवीकडे माहिती. आधी संपूर्ण व्यवहाराच्या जोड्या, मग प्रत्येक आवकेच्या (जिथून पैसे येतात), मग प्रत्येक जावकेच्या (जिथे ते जातात). एक गट संपला की शून्याचा एक बाइट.

आता सही कुठे बसते ते पाहा. तिच्या जोडीच्या नावातच सही करणाऱ्याची सार्वजनिक चावी, म्हणजे गुप्त चावीची उघड जोडीदार, असते. त्यामुळे बहिणीची सही आणि भावाची सही एकमेकींच्या जागेवर येऊच शकत नाहीत. दोन फाईली एकत्र करायच्या म्हणजे दोन्हींतल्या जोड्या एका ठिकाणी आणायच्या, बस्स. हे करणाऱ्या प्रोग्रामला बिटकॉइनच्या स्क्रिप्टमधलं, म्हणजे खर्चाच्या अटींमधलं, काहीही कळायची गरज नाही. एखादी जोडी ओळखीची नसेल, तर तीही जशीच्या तशी पुढे द्यायची असा नियम आहे. या साध्या नियमामुळेच पुढे टॅपरूट या बिटकॉइनच्या नियमांतल्या बदलासाठी नव्या जोड्या जोडता आल्या आणि जुनी रचना मोडावी लागली नाही.

सह्या पुऱ्या झाल्या की एक प्रोग्राम त्या योग्य क्रमाने बसवतो, दुसरा त्यातून पक्का व्यवहार काढतो, आणि तो नेटवर्कवर जातो.

(दृश्य: हातात मावणारं सही करायचं यंत्र. छोट्या पडद्यावर रक्कम.)

खरा कस लागतो तो सहीच्या आधी. धरमपेठेतून बहिणीचा फोन येतो: “दादा, पहिले आकडा पाह्य, मंग बटन दाब.”

पण आकडा येतो कुठून? बिटकॉइनच्या व्यवहारात फी कुठेच लिहिलेली नसते. आवकेतून जावक वजा केली की जे उरतं ती फी. आणि आवकेत रक्कमही नसते. असतो तो फक्त आधीच्या व्यवहाराचा क्रमांक आणि त्यातली कितवी जावक, एवढा निर्देश. इंटरनेट नसलेल्या यंत्राने रक्कम ओळखायची कशी? लॅपटॉप सांगेल तो आकडा मानायचा, तर ती कोऱ्या कागदावरची सही झाली. लॅपटॉपने आवक कमी सांगितली, तर फरकाची सगळी रक्कम फी म्हणून व्यवहार नोंदवणाऱ्या मायनरकडे जाईल, आणि ती परत मिळत नाही.

म्हणून पीएसबीटीत आधीचा अख्खा व्यवहार सोबत देण्याची सोय केली. यंत्र त्याचा हॅश, म्हणजे मजकुरातून निघणारा ठसा, स्वतः काढतं, क्रमांकाशी जुळवतं (क्रमांक म्हणजे हाच ठसा), मग रक्कम वाचतं. कुणाच्या शब्दावर विसंबायचं कारणच उरत नाही.

२०१७ मध्ये सेगविट हा बिटकॉइनच्या नियमांतला बदल आला. त्यात प्रत्येक सहीत त्या आवकेची रक्कम गुंफलेली असते, त्यामुळे अख्खा जुना व्यवहार न देता त्यातली नुसती ती जावक दिली तरी पुरेल, असं वाटलं. २०२० मध्ये त्यातली फट चर्चेत आली. दोन आवका आहेत असं धरा. खोडसाळ लॅपटॉप पहिल्यांदा पहिलीची रक्कम खरी आणि दुसरीची कमी सांगतो, सह्या घेतो. मग “काहीतरी बिघडलं, पुन्हा सही करा” म्हणतो, आणि या वेळी दुसरीची खरी, पहिलीची कमी. दोन्ही खेपांतली एकेक खरी सही उचलली की व्यवहार वैध होतो, आणि फी प्रचंड होते. यंत्राला दोन्ही वेळा फी माफकच दिसलेली असते.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या टॅपरूटमध्ये नेहमीच्या सहीत सगळ्याच आवकांच्या रकमा येतात, त्यामुळे ही फट बुजली. पण सेगविटच्या पहिल्या प्रकारच्या आणि त्याआधीच्या पत्त्यांवर अजून पैसे आहेत. त्यांच्यासाठी वॉलेट बनवणाऱ्यांनी जुना व्यवहार पूर्णच द्यावा. फाईल मोठी होईल, क्यूआर कोडने पाठवायची तर एकामागून एक अनेक चौकटी दाखवाव्या लागतील, आणि इतवारीत भावाला कॅमेरा जरा जास्त वेळ धरून ठेवावा लागेल. तेवढा वेळ त्याने द्यावा.