पुलाचा पैसा काठावर अडकतो

[दृश्य : महापालिकेशेजारचा शिवाजी पूल, सकाळची गर्दी]

हा शिवाजी पूल. १९२३ साली खुला झाला, तरी पुणेकरांच्या तोंडी अजून ‘नवा पूल’च आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, त्या पुरातूनही या दगडी कमानी वाचल्या.

पुण्यात मुठेवर आणखी एक पूल हवा अशी मागणी आली, की वाद एका आकड्याभोवती फिरतो. एवढे कोटी कशाला, असं एक बाजू विचारते. रोजची कोंडी कुणी मोजायची, असं दुसरी. पण जो आकडा छापून येतो, तो बहुतेक वेळा नुसत्या बांधकामाचा असतो. जागेचा मोबदला वेगळ्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या वेगळ्या खात्यात जातो आणि वादातून निसटतो.

[दृश्य : पूर्वगणनपत्रकाची पानं]

पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज. तो ठरलेल्या दरांच्या यादीवरून, दरसूचीवरून तयार होतो. पाया, खांब, खांबांवरच्या आडव्या तुळया म्हणजे गर्डर, स्लॅब, गर्डर टेकतात त्या बेअरिंग, कठडे, जोडरस्ते. शिवाय मलवाहिनी, जलवाहिनी आणि विजेच्या केबल हलवण्याचा खर्च. वर कर. जुलै २०२२ मध्ये महापालिकांच्या अशा कामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. म्हणजे १०० कोटींच्या कामामागे ६ कोटी वाढले, आणि पुलात एक पोतं सिमेंटही जास्त पडलं नाही.

[दृश्य : नदीपात्र, काठावरच्या पूररेषेच्या खुणा]

खरा हिशेब पाण्यापासून सुरू होतो. पूररेषा म्हणजे पुराचं पाणी जिथवर पोचेल असं धरतात ती हद्द. मुठेची निळी पूररेषा ६० हजार क्युसेकला (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) धरली आहे, मोठ्या पुराची लाल रेषा एक लाखाला. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २,८३० घनमीटर पाणी. एवढ्या पुरासाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पूरपातळी आणि गर्डरचा तळ यांत किमान १.२ मीटर मोकळी जागा सोडावी लागते. मुठेवरच्याच भिडे पुलाला ती सोडलेलीच नाही. तो मुद्दाम बुटका बांधलेला पूल. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला की पाण्याखाली जातो.

आता पात्र १५० मीटर रुंद आहे असं धरू. ३० मीटरचे पाच गाळे (दोन खांबांमधली अंतरं) घेतले, तर पात्रात चार खांब उभे राहतात. ५० मीटरचे तीन घेतले, तर दोनच. खांब कमी म्हणजे पाण्याला अडथळा कमी, वरच्या बाजूला फुगवटाही कमी. मात्र गाळा लांबला की गर्डरची उंची वाढते, साधारण एक मीटरनं. तेवढाच रस्ताही वर जातो. १:३० चा चढ ठेवायचा, तर त्या एका मीटरसाठी दोन्ही काठांवर ३०-३० मीटर जास्त उतार लागतो. तो उतार उतरतो कुठे? कुणाच्या तरी सोसायटीच्या फाटकासमोर, दुकानांच्या रांगेत. नदीत वाचवलेला पैसा असा काठावर जागेपायी द्यावा लागतो. म्हणूनच चार खांबांचा आराखडा कागदावर स्वस्त दिसतो, आणि पुराचं पाणी घरात शिरलेल्या माणसाला तो फार महाग पडतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी भरलं, तेव्हा विसर्ग होता सुमारे ३५ हजार क्युसेक. निळ्या रेषेच्या कितीतरी खाली.

[दृश्य : अर्धवट जोडरस्ता]

जागा ताब्यात नसताना ठेकेदाराला काम सुरू करण्याचा कार्यादेश दिला, की ठरलेलं घडतं. खांब उभे राहतात, स्लॅब पडतो, पण जोडरस्ता एका सातबाऱ्यावर अडतो. मालकाला टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) नको असतो, रोख हवी असते. ठेकेदाराची यंत्रं बसून राहतात, भाववाढीचं कलम लागू होतं. नदीकाठचा शिवणे-खराडी रस्ता भूसंपादनापायीच वर्षानुवर्षं तुकड्यांत अडकला.

खर्च वाढण्याचं दुसरं ठिकाण निविदेतलं. दर अंदाजापेक्षा फार कमी आला, तर आनंद मानायच्या आधी ट्रायल बोअरचे, म्हणजे खालचा खडक तपासायला घेतलेल्या छिद्रांचे अहवाल मागावेत. प्रत्येक खांबाच्या जागी बोअर घेतलं होतं का? पुण्यात बेसाल्ट बहुधा लवकर लागतो, पण वरचा थर कुजका निघाला की खोदाई वाढते. मग ‘जादा बाबी’ मंजुरीला येतात आणि कमी दराची बचत तिथेच संपते.

पात्रातलं काम जमतं ते साधारण नोव्हेंबर ते मे. त्यासाठी टाकलेला मातीचा भराव पावसाआधी काढायचा असतो. तो राहिला, तर स्वतः धरणासारखा वागतो. भराव काढण्याची वेगळी बाब आणि तारीख निविदेत असलीच पाहिजे. ‘आनुषंगिक कामे’ या दोन शब्दांत ती गुंडाळलेली असेल, तर हरकत नोंदवावी.

[दृश्य : विद्यापीठ चौक]

पूल शंभर वर्षं टिकेल असा आखतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशकात, २०२० मध्ये पाडला, कारण मेट्रो आणि दुमजली पुलाच्या आड तो येत होता. बांधकामात खोट नव्हती. पुढच्या वाहतुकीचा विचार आधी झाला नव्हता.

हे सगळं विचारायची जागा म्हणजे स्थायी समिती आणि मुख्य सभा. एका वर्षाच्या अंदाजपत्रकात न मावणारं काम तिथे महापालिका कायद्याच्या ‘७२ ब’ कलमाखाली येतं आणि पुढच्या वर्षांचा पैसा आजच बांधला जातो. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. हे अधिकार प्रशासकाकडे होते आणि सभागृहात कुणी प्रश्न विचारला नाही. हे नुकसान कुठल्याही पूर्वगणनपत्रकात धरलेलं नाही.

[दृश्य : कुंडमळा, इंद्रायणी]

१५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला. चार माणसं गेली. जुना पूल धोकादायक आहे हे माहीत होतं, पण नव्याचं काम सुरू झालेलं नव्हतं.

नवा पूल मंजूर होताना म्हणून एक कागद सोबत हवा. बेअरिंग आणि एक्स्पान्शन जॉइंट (उन्हाथंडीत पूल फुगण्या-आकसण्यासाठी सोडलेले सांधे) किती वर्षांनी बदलणार, पावसाळ्याआधी आणि नंतर पायाजवळची झीज कोण तपासणार, आणि त्यासाठी दरवर्षी कुठल्या लेखाशीर्षात किती रक्कम ठेवणार. हा कागद माहिती अधिकारात मागता येतो. मागताना पुलाचं नाव, कार्यादेशाचा क्रमांक आणि वर्ष लिहावं.