देवघर, हिशेब आणि खाचांच्या काठ्या

मंडळी, आज ज्या वास्तूबद्दल बोलायचं आहे ती, सेंट स्टीफन्स चॅपेल, आता उभी नाही. लंडनला वेस्टमिन्स्टरचं संसदभवन बघायला गेलात तर वेस्टमिन्स्टर हॉलमधून पुढे तुम्हाला एका लांबट दालनातून नेतात. त्याचं नाव सेंट स्टीफन्स हॉल. दोन्ही बाजूंना जुन्या वक्त्यांचे संगमरवरी पुतळे, वर रंगीत काचा. लोक मान वर करून फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मी मात्र तुम्हाला तिथे खाली बघायला सांगेन. फरशीत पितळेचे खिळे ठोकलेले आहेत. एके काळी कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, अध्यक्षांची खुर्ची कुठे होती, टेबल कुठे होतं, याच्या त्या खुणा. त्याही आधी, जिथे ती खुर्ची होती तिथेच साधारण, वेदी होती.

हे दालन एकोणिसाव्या शतकातलं. पण त्याची जागा, सुमारे 95 फूट लांबी, 30 फूट रुंदी, हे सगळं सेंट स्टीफन्स चॅपेलचं आहे. चॅपेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छोटं चर्च येतं. इथे तसं समजू नका. वेस्टमिन्स्टर हा राजाचा वाडा होता आणि हे त्या वाड्यातलं देवघर. भिक्षूंच्या मठाचं मोठं देऊळ शेजारी होतंच, वेस्टमिन्स्टर ॲबी. देवघर घरच्यांसाठी. फक्त हे घर इंग्लंडच्या राजाचं, म्हणून देवघरालाही दोन मजले.

दोन मजल्यांची कल्पना पॅरिसची. फ्रान्सच्या नवव्या लुईनं येशूचा काटेरी मुकुट ठेवायला सेंत शापेल बांधलं, 1248 साली ते पूर्ण झालं. इंग्लंडचा तिसरा हेन्री ते बघून इतका हरखला की त्याला ते गाडीवर घालून घरी न्यायचं आहे, अशी टवाळी एका फ्रेंच गाण्यात केली आहे. हेन्रीला नाही जमलं. त्याचा मुलगा पहिला एडवर्ड यानं 1292 मध्ये काम काढलं. आपल्याकडे ज्ञानेश्वरी पूर्ण होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुख्य गवंडी होता मायकेल ऑफ कँटरबरी. खालचा मजला वाड्यातल्या नोकरचाकरांसाठी, वरचा राजा आणि त्याच्या कुटुंबासाठी. वर देव तोच, पण उजेड जास्त.

पाच वर्षांत पैसा संपला. एडवर्डच्या लढाया चालू होत्या आणि लढाई व बांधकाम एकाच तिजोरीतून चालायचं. 1297 मध्ये काम थांबलं ते त्याच्या हयातीत पुन्हा सुरू झालं नाही. 1320 मध्ये मुलानं, दुसऱ्या एडवर्डनं, पुन्हा माणसं लावली. 1348 च्या सुमारास नातवाच्या, तिसऱ्या एडवर्डच्या, कारकिर्दीत बांधकाम पुरं झालं. आजोबांनी पाया घातला आणि कळस नातवानं चढवला. त्याच वर्षी त्यानं इथे बारा कॅनन, म्हणजे धर्मगुरू, आणि त्यांचा प्रमुख एक डीन यांची संस्था नेमून दिली. त्याच वर्षी प्लेगही इंग्लंडात उतरला.

हे सगळं आपल्याला कळतं ते हिशेबांमुळे. राजाच्या खजिन्यातले कारकून या कामाचा खर्च चामड्याच्या पट्ट्यांवर लिहून ठेवत, त्यांची भेंडोळी होत. आठवड्याला किती गवंडी, कुणाला किती पेन्स, दगड कुठून आला, बोटीचं भाडं किती. कारकुनाला वास्तुकलेशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला खर्चाचा मेळ घालायचा होता. पेशवे दफ्तरात ज्यांनी थोडंफार काम केलंय त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

आता इमारतीकडे येऊ. गॉथिक खिडकी तुम्हाला माहीत आहे: टोकदार कमान, आत दगडी दांड्यांची नक्षी. साधारणपणे खिडकी संपते तिथे नक्षी संपते आणि खाली कोरी भिंत सुरू होते. इथल्या गवंड्यानं काय केलं, खिडकीचे उभे दांडे खालच्या भिंतीवरही तसेच उतरवले. भिंत आणि खिडकी एकाच जाळीत बसल्या. फरक इतकाच की वरच्या चौकटीत काच आणि खालच्या चौकटीत दगड. छोटीशी युक्ती आहे. पण पुढची दोनशे वर्षं इंग्लंडात जी पर्पेंडिक्युलर शैली चालली, उभ्या रेषांची, तिचं एक बीज अभ्यासक इथे पाहतात. केंब्रिजचं किंग्ज कॉलेज चॅपेल बघून तुम्ही थक्क झाला असाल तर ती त्याच वाटेची शेवटची पायरी. वरचं छत मात्र लाकडी होतं, विल्यम हर्ली नावाच्या सुताराचं. फ्रेंचांनी दगडात केलं ते इंग्रजांनी लाकडात केलं, आणि यात कमीपणा काही नाही. सुतारकीत त्या काळी इंग्रजांचा हात धरणारं कुणी नव्हतं असं माझं मत आहे.

बांधून झालं, आता रंगवायचं. प्लेगनं माणसं मारली होती, कारागीर मिळेनात. 1350 मध्ये राजानं ह्यू ऑफ सेंट ऑल्बन्स या चित्रकाराला आज्ञापत्र दिलं: केंट, एसेक्स, सरे अशा परगण्यांत फीर आणि चित्रकार धरून आण. वेठबिगार नव्हती ही, मजुरी मिळायची. पण ‘नाही येत’ म्हणायची सोय नव्हती. पुढच्या काही वर्षांच्या हिशेबात सोन्याचा वर्ख येतो, तेल येतं, मोराची आणि हंसाची पिसं येतात, कुंचल्यांसाठी खारीच्या शेपट्या येतात. काचकाम करणाऱ्यांच्या खात्यात बिअर आहे. प्यायला नव्हे, निदान कागदोपत्री तरी नव्हे. खिडकीचं रेखाटन मोठ्या टेबलांवर करत आणि ती टेबलं बिअरनं धुऊन घेत. त्यातली किती टेबलावर पडली हे कारकुनानं लिहिलेलं नाही.

या चित्रांचे थोडे तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एक पडद्यावर बघा. बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट. त्याची मुलं थोरल्या भावाकडे जेवायला जमली आहेत आणि वादळानं घर कोसळतंय. मागची जमीन बघा, नुसती सोनेरी नाही. आधी लेपाचं उठावदार नक्षीकाम, मग त्यावर वर्ख. मेणबत्तीच्या उजेडात ती हलल्यासारखी दिसत असणार. एकेक चौकट अशी, आणि भिंती वरपासून खालपर्यंत रंगवलेल्या.

सहाव्या एडवर्डच्या वेळी, धर्मसुधारणेच्या लाटेत, अशा संस्था बरखास्त झाल्या. रिकामं झालेलं देवघर 1548 नंतर कॉमन्स सभेला मिळालं. त्याआधी कॉमन्स ॲबीत बसायचे, कधी अष्टकोनी सभागृहात तर कधी भिक्षूंच्या जेवणघरात. इथे त्यांना आयतेच समोरासमोरचे बाक मिळाले, कारण चॅपेलमधले गाणारे धर्मगुरू दोन रांगांत एकमेकांकडे तोंड करून बसत. एक रांग एक ओळ म्हणे, दुसरी तिला उत्तर देई. सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसतात ते यावरून, असं गाईड सांगतात. बाकांमुळे पक्ष जन्माला आले असं मी म्हणणार नाही, पक्ष पुष्कळ नंतर आले. पण आल्यावर त्यांना बसायला जागा तयार होती.

जागा मात्र अपुरी. वास्तुविशारद क्रिस्टोफर रेननं 1690 च्या दशकात छत खाली आणलं, सज्जे घातले, भिंतींना लाकडी तक्तपोशी केली. ईयोबाची मुलं तिच्यामागे गेली. अठराव्या शतकात प्रेक्षक सज्जात स्त्रियांना बंदी झाली, तेव्हा त्या रेनच्या छताच्या वर, माळ्यावर जाऊन बसू लागल्या. झुंबराचा धूर आणि सभासदांचा उष्मा बाहेर सोडायला तिथे एक झरोका होता. त्याच्या फटींना डोळे लावून त्या भाषणं ऐकत. तुपाच्या दिव्याच्या नव्हे, मेणबत्त्यांच्या धुरात. याच सभागृहात एडमंड बर्क हा सभासद हिंदुस्थानच्या कारभारावर तासन्‌तास बोलला. राघोबादादांचे वकील हणमंतराव 1781 मध्ये लंडनला आले तेव्हा बर्कनं त्यांना आपल्या गावच्या घरी नेलं, आणि सोवळ्यानं स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. कॉमन्सच्या समितीपुढे हणमंतरावांची साक्षही झाली.

आता वाईट भाग. आयर्लंडशी एकीकरण झालं, 100 आयरिश सभासद वाढणार, एकूण 658. त्यांना बसवायला 1800 मध्ये वास्तुविशारद जेम्स वायटनं भिंती आतून तासायला घेतल्या. तक्तपोशी निघाली आणि मागून साडेचारशे वर्षांपूर्वीचे रंग बाहेर आले. जॉन टॉमस स्मिथ नावाचा चित्रकार उजाडताच तिथे जाऊन नकला काढू लागला. नऊच्या सुमारास कामगार येत आणि त्यानं सकाळी जे काढून घेतलं ते तोडत. बघा कसं आहे: मोडतोड झाली नसती तर चित्रं दिसली नसती, आणि दिसली म्हणून वाचली नाहीत.

उरलेलं 1834 मध्ये गेलं, तेही हिशेबापायी. इंग्रजी खजिन्यात शतकानुशतकं पावती म्हणून काठ्या वापरत. काठीवर खाचा पाडायच्या: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याची, वीसाला करंगळीची, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. खोटेपणा करणं अवघड, कारण दोन्ही अर्धं जुळलं पाहिजे. ही पद्धत 1826 मध्ये बंद झाली आणि दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या पडून राहिल्या. 16 ऑक्टोबर 1834 ला त्या लॉर्ड्स, म्हणजे वरिष्ठ, सभेखालच्या भट्ट्यांत दिवसभर जाळल्या. दुपारी चारला सभागृह बघायला आलेल्या पाहुण्यांना धुरामुळे भिंतीवरचे पडदे दिसेनात, बुटांतून पायाला चटका बसू लागला. घरकाम पाहणाऱ्या बाईंनी त्यांना तरीही सगळं फिरवून दाखवलं. सहाच्या सुमारास ज्वाळा बाहेर आल्या. रात्री चित्रकार टर्नर बोटीतून ते बघत होता. सकाळी चॅपेलच्या भिंती काळ्याठिक्कर उभ्या होत्या, पुढे त्याही पाडल्या.

वाचला तो खालचा मजला, नोकरचाकरांचा. आजही तिथे प्रार्थना होते, सभासदांची लग्नं लागतात, मुलांचे बाप्तिस्मे होतात. कमानींच्या फासळ्या जिथे मिळतात तिथल्या दगडी फुलांवर संतांचे हाल कोरलेत: कुणाला दगड मारतायत, कुणाला शेगडीवर भाजतायत. एकोणिसाव्या शतकात डागडुजी करताना त्यावर रंग आणि सोनं जरा सढळ हातानं चढवलं, मला ते डोळ्यात खुपतं.

तिथे मागे एक झाडू-बादल्या ठेवायचं कपाट आहे. 1911 च्या एप्रिलमध्ये शिरगणती होती. आदल्या दिवशी एमिली डेव्हिसन ही मताधिकारासाठी लढणारी बाई त्या कपाटात जाऊन लपली. शिरगणतीच्या रात्री आपला पत्ता कॉमन्स सभा असावा म्हणून. सोमवारी सकाळी सफाई कामगारानं कपाट उघडलं. कारकुनानं तिची नोंद तिथली म्हणून केली. तिकडे घरमालकिणीनं तिचं नाव आधीच आपल्या घराच्या यादीत घातलं होतं. त्या वर्षीच्या शिरगणतीत एमिली डेव्हिसन दोनदा मोजली गेली.