शिंगरू काळं जन्मलंय? दाखल्यावर रंग लिहायच्या आधी हे बघा

[स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे चकचकीत कोळशासारखं शिंगरू, उजवीकडे राखेत लोळल्यासारखं उंदरी रंगाचं.]

या दोघांपैकी मोठेपणी काळा घोडा कोण होणार? तुम्ही डावीकडे बोट दाखवलं असेल. बहुतेक सगळेच दाखवतात. पण काळा घोडा होणारं शिंगरू बहुधा उजवीकडच्यासारखं जन्मतं: उंदरी, धुरकट, पोटाखाली आणि पायांवर आणखी फिकं. डावीकडचं, जन्मतःच इतकं गडद असलेलं, पुढे पांढरं पडण्याची शक्यता चांगलीच मोठी.

म्हणजे शिंगराची पहिली लव फसवते. ती झडायला लागते साधारण तीन-चार महिन्यांनी, आणि तोपर्यंत अंगभरच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. मग ठेवायचा कशावर? आई-बापावर, कातडीवर, पापण्यांवर, कानांच्या कडांवर आणि पायांवर. क्रम मात्र ठरलेला: आधी आई-बाप, मग शिंगरू.

आई-बापाकडे जाण्याआधी रंग बनतो कसा ते बघू. घोड्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच, काळं आणि तांबडं. केसातली रंगपेशी त्यातलं कोणतं बनवणार हे ठरवतं एमसी१आर नावाचं जनुक. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एमसी१आरची एक जरी प्रत धडधाकट असेल तर काळं रंगद्रव्य बनू शकतं. दोन्ही बिघडलेल्या असतील तर केसांत काळं येतच नाही, आणि घोडा होतो चेस्टनट, म्हणजे नखशिखांत तांबडा, आयाळ-शेपटीसकट. हा बिघाड डीएनएच्या एकाच अक्षराचा आहे आणि तो १९९६ साली सापडला.

काळं बनलं, तरी ते कुठे दिसणार हे दुसरं जनुक ठरवतं. त्याचं नाव एएसआयपी, बोलताना म्हणतात अगूटी. याची एक प्रत शाबूत असली की काळा रंग आयाळ, शेपटी, पाय आणि कानांच्या कडा एवढ्यापुरताच राहतो, बाकी अंग तांबूस. हा झाला बे, जुना शब्द कुमाईत. दोन्ही प्रतींमधून ११ अक्षरं गळालेली असतील तर काळ्याला अडवणारं कोणी उरत नाही आणि घोडा अंगभर काळा होतो. हे कळलं २००१ मध्ये.

चेस्टनट, बे, काळा. पाया एवढाच. पालोमिनो (सोनेरी अंग, पांढरी आयाळ), बकस्किन (पिवळट अंग, काळी आयाळ-शेपटी), ग्रे (वयाबरोबर पांढरा होत जाणारा), अबलख हे सगळं या पायावर चढवलेलं काम आहे.

आता आई-बाप. इथे हिशोब करायचा तो काय होऊ शकत नाही याचा, कारण तो पक्का असतो. दोन चेस्टनटना बे किंवा काळं शिंगरू होत नाही. दोघांपैकी एकही ग्रे नसेल तर शिंगरू ग्रे होत नाही. ग्रे पिढी सोडून उगवत नाही. आणि आई किंवा बाप क्रीम या रंग फिका करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींचा, म्हणजे क्रेमेलो किंवा पर्लिनो असेल, तर प्रत्येक शिंगराला एक क्रीम मिळणारच. यातलं काही मोडलेलं दिसलं तर रंगशास्त्रावर शंका घेऊ नका. आधी बाप नक्की कोण ते तपासा, आणि आई-बापाचा रंग दाखल्यावर बरोबर लिहिलाय का तेही.

काय होऊ शकतं, ही यादी मात्र लोकांना चकित करते. चेस्टनट घोडी आणि काळा घोडा यांना बे शिंगरू होतं, अगदी सहज. चेस्टनटच्या अंगात अगूटी असू शकते, पण अडवायला काळा रंगच नाही, म्हणून ती दिसत नाही. काळ्या बापाने काळं दिलं, आईने अगूटी दिली, झाला बे. दोन बे एकत्र आले आणि दोघांच्याही दोन्ही जनुकांत एकेक बिघडलेली प्रत लपलेली असेल, तर १६ पैकी ९ बे, ३ काळी आणि ४ चेस्टनट असा वाटा पडतो. वाटा म्हणजे शक्यता हं. चार शिंगरं झाली म्हणून त्यातलं एक चेस्टनट हवंच असं नसतं.

लपण्यात क्रीमही पटाईत. काळ्या रंगद्रव्यावर क्रीमच्या एका प्रतीचा परिणाम जवळपास दिसतच नाही. अशा घोड्याला स्मोकी ब्लॅक म्हणतात आणि तो साध्या काळ्यासारखाच वाटतो. मग एखाद्या 'काळ्या' घोडीला चेस्टनट घोड्यापासून सोनेरी शिंगरू झालं की सगळे डोकं धरून बसतात. सिल्व्हर या रंग फिका करणाऱ्या दुसऱ्या जनुकाचं उलट आहे. ते फक्त काळ्या रंगाला फिकं करतं, म्हणून चेस्टनटमध्ये आरामात लपून बसतं.

आई किंवा बाप ग्रे असेल तर त्याचा आजचा पांढरा रंग काहीच सांगत नाही. तो जन्माला कोणत्या रंगाचा होता ते शोधा. लहानपणचा फोटो मिळाला तर अर्धं काम झालं.

[पायांचा क्लोजअप]

आता शिंगरू. सुरुवात पायांपासून, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बे घोड्याचे पाय काळे असतात हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि शिंगराचे पाय फिकट राखाडी किंवा मलईसारखे दिसले की लोक चेस्टनट लिहून मोकळे होतात. बे शिंगराचे पाय जन्माला फिकेच असतात. काळे केस पहिली लव झडताना खालून वर येतात. तोपर्यंत कानांच्या कडा बघा, तिथे काळी किनार दिसते. शेपटीचे केस बोटांनी फाकवून आतला गाभा बघा. चेस्टनटच्या कानाला आणि शेपटीच्या गाभ्याला काळं नसतं.

उलट, बे शिंगरू जन्मतःच मोठ्या घोड्यासारखे काळेभोर पाय घेऊन आलं आणि आई-बापात एक ग्रे आहे, तर सावध व्हा. ग्रे होणारी शिंगरं पुष्कळदा जन्मतः गडद, 'तयार' रंगाची असतात. मग चांगल्या उजेडात डोळ्यांभोवती बघा. पापण्यांवर आणि डोळ्याच्या कडेला पांढरे केस, जणू चष्मा लावलाय. कधी ते पहिल्या दिवशीच दिसतात, कधी काही आठवड्यांनी, कधी लव झडल्यावर. एकदा बघून नाही दिसले, म्हणून ग्रे नाही असं ठरवू नका. दर पंधरा दिवसांनी त्याच कोनातून फोटो काढा.

ग्रेबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. एसटीएक्स१७ या जनुकात साधारण ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दुसऱ्यांदा छापला गेलाय, हे २००८ साली समजलं. पुढे २०२४ मध्ये कळलं की काही घोड्यांत तो तुकडा दोनदा असतो आणि काहींत तीनदा. तीनदा असलेले भराभर पांढरे होतात, दोनदा असलेले सावकाश. त्यामुळे दोन ग्रे घोड्यांचा वेग सारखा नसतो. कातडी मात्र काळीच राहते. आणि एक काळजीची गोष्ट: १५ वर्षांपुढच्या ग्रे घोड्यांपैकी साधारण ७० ते ८० टक्क्यांना मेलानोमाच्या (रंगपेशींच्या कर्करोगाच्या) गाठी होतात, बहुधा शेपटीखाली. म्हणून ग्रे ओळखणं ही नुसती हौस नाही.

ग्रे आणि रोन यांची गल्लत करू नका. रोनच्या अंगात पांढरे केस मिसळलेले असतात, पण डोकं आणि पायांचा खालचा भाग गडद राहतो, आणि तो वर्षागणिक पांढरा होत जात नाही. ग्रेमध्ये तोंडच आधी पांढरं पडतं.

[पाठीचा फोटो, वरून]

पाठीवर काळसर पट्टा दिसला की 'डन' (अंग फिकं करणारा आणि पाठीवर पट्टा देणारा रंग) म्हणून ओरडायची घाई नको. कितीतरी साध्या बे शिंगरांच्या पाठीवर असा पट्टा असतो आणि लव झडली की तो जातो. खऱ्या डनचा पट्टा आखल्यासारखा, धारदार कडांचा असतो, शेपटीत उतरतो, पायांवर आडव्या रेघाही असतात, आणि अंगाचा रंग आयाळ-डोक्यापेक्षा फिका असतो. कडा धुरकट असतील तर थांबा. आई-बापात डन नसेल तर प्रश्नच मिटला.

डोळे आणि कातडी. नवजात शिंगराचे डोळे थोडे निळसर-राखाडी दिसणं नेहमीचं आहे, त्यावरून क्रीम ठरवू नका. चेस्टनट शिंगराची कातडीही पहिल्या काही दिवसांत गुलाबीसर असू शकते, नंतर ती काळवंडते. शॅम्पेन या आणखी एका फिक्या रंगाचं शिंगरू भडक गुलाबी कातडी आणि निळे डोळे घेऊन येतं. पुढे डोळे पिंगट होतात आणि कातडीवर ठिपके पडतात. क्रीमच्या दोन प्रती असतील तर गुलाबी कातडी आणि फिके निळे डोळे जन्मभर टिकतात.

आता ही गोष्ट नीट ऐका. जन्मतः पूर्ण पांढरं शिंगरू दिसलं तर आधी रंगाचा विचार सोडा. क्रेमेलो असेल तर अंग मलईच्या रंगाचं असतं, कपाळावरचा टिळा तिरप्या उजेडात वेगळा दिसतो, आणि शिंगरू ठणठणीत असतं. डॉमिनंट व्हाइट (जनुकामुळे जन्मतःच पांढरं) असेल तर डोळे बहुधा गडद असतात, तेही निरोगी. पण आई-बाप दोघेही फ्रेम ओव्हरो (अंगावर पांढरे चट्टे असलेला एक प्रकार) असतील तर दर शिंगरामागे २५ टक्के शक्यता असते की ईडीएनआरबी जनुकाच्या दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याला मिळतील. अशा शिंगराच्या आतड्यात मज्जापेशीच नसतात. पहिली काळी लीद बाहेर येत नाही, काही तासांत पोटशूळ सुरू होतो, आणि त्यावर उपाय नाही. शिंगरू काही दिवसांतच जातं. तेव्हा पांढरं शिंगरू, लीद नाही, पोट दुखतंय: पशुवैद्याला लगेच बोलवा. आणि जोडी लावण्याआधीच दोघांची तपासणी करा, कारण फ्रेम असलेल्या काही घोड्यांच्या अंगावर पांढरं अगदी थोडंच असतं, नजरेतून सुटतं.

घाई असेल तर खालचा रंग बघायची एक युक्ती आहे. दोन महिन्यांनंतर शिंगराच्या पुठ्ठ्यावर (ढुंगणावर) दोन बोटांएवढी जागा मशीनने बारीक कापा. खाली उगवणारी नवी लव बऱ्याचदा खरा रंग दाखवते. ग्रेचा सुगावा मात्र यातून खात्रीने लागत नाही.

खात्री हवी तर डीएनए. वयाची अट नाही, पहिल्या आठवड्यातही चालतं. २० ते ३० केस मुळासकट लागतात, आणि शिंगराचे ते शेपटीचेच घ्या. आयाळीचे इतके मऊ असतात की मुळाआधीच तुटतात. घोडीला कोणीतरी धरून ठेवा. शेपूट आधी कोरड्या फडक्याने पुसा, कारण आईने चाटलेलं असतं आणि तिच्या पेशी मिसळल्या तर निकाल बिघडतो. पाच-सात केस बोटाला गुंडाळून कातडीजवळून एका झटक्यात ओढा. टोकाला छोटी पांढरी गाठ दिसली पाहिजे. ती नसेल तर तो केस बाद. मुळांना हात लावू नका. कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि बुरशी येते. नाव तिथल्या तिथे लिहा, दुसऱ्या शिंगराकडे वळायच्या आधी.

सगळ्या चाचण्या एकदम मागवायची गरज नसते. आई-बापाच्या हिशोबात जे आधीच अशक्य ठरलं ते वगळा. दोघं चेस्टनट असतील तर एमसी१आरचा निकाल तुम्हाला आधीच माहीत आहे. एक ग्रे असेल तर पहिली चाचणी ग्रेची, आणि ती आली की मग बाकीच्या.