मालवणच्या पाण्यात, चाळिशीनंतर

[पडद्यावर: मालवणचा धक्का, सकाळची वेळ, सुटणाऱ्या होड्या]

मालवणच्या धक्क्यावरून सकाळी दोन तऱ्हेच्या होड्या सुटतात. एक कुरटे बेटाकडे जाते. तिथे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी सुरू केली. दुसरी होडीही त्याच बाजूला निघते, पण किल्ल्याच्या दरवाजाशी जात नाही. तटबंदी नजरेच्या टप्प्यात ठेवून ती पाण्यातच थांबते. तिच्यात घट्ट काळे वेटसूट घातलेली माणसं बसलेली असतात आणि कुणी फारसं बोलत नाही.

यातली बरीचशी घाटावरची. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे. अनेकांना पोहता येत नाही. विहिरीच्या काठाला जायचं नाही, नदीला पूर आला की लांब राहायचं, हे ऐकतच ती मोठी झाली. मीही त्यातलीच. आज वयाची चाळिशी ओलांडल्यावर आम्ही स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन समुद्राच्या तळाशी जायला निघालोय, आणि पोटात गोळा आलाय. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाण्याखाली माणूस जगू शकत नाही, ही गोष्ट शरीराला पक्की ठाऊक असते. ती पहिल्यांदा मोडायची तर शरीराला वेळ द्यावा लागतो.

[पडद्यावर: तारकर्ली, प्रशिक्षणाचा तलाव]

म्हणून आपण एक दिवस मागे जाऊ. हे तारकर्ली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र इथे आहे, आणि शिकणाऱ्यांसाठी तलाव आहे. समुद्राआधी इथे येण्याचा हट्ट मी धरला. प्रत्येक घाबरणाऱ्या माणसानं तो धरावा, असं मला मनापासून वाटतं.

कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकायचे. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, आणि डोळ्यांवर मास्क. मास्क नाकही झाकतो, त्यामुळे नाकानं श्वास घेता येत नाही. पहिली घालमेल इथेच होते. चेहरा पाण्यात गेला की शरीर श्वास रोखून धरतं. तोंडातून हवा मिळतेय हे डोक्याला कळतं, पण छाती ऐकत नाही.

मग छाती अचानक ऐकते, आणि भराभर चालायला लागते.

हे भराभर चालणं नीट समजून घ्यायला हवं, कारण या खेळाचा सगळा मर्म त्यात आहे. घाबरलेला श्वास उथळ असतो. हवा आत येते, पण फुप्फुसात खोलवर पोचण्याआधीच बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर जात नाही, साठत राहतो. आणि आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते मुख्यतः हा वायू वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. म्हणजे पाठीवर भरलेलं सिलिंडर आहे, हवा हवी तेवढी मिळतेय, तरी माणसाला वाटतं हवा संपली. तो आणखी जोरात ओढतो. ते आणखी उथळ होतं. भीती श्वास बिघडवते आणि बिघडलेला श्वास भीती वाढवतो.

यातून सुटायची वाट श्वास सोडण्यात आहे. घेण्याकडे लक्ष द्यायचंच नाही. सावकाश, लांब सोडायचा, अगदी तळापर्यंत. पुढचा श्वास आपोआप खोल येतो.

"सोडा, ताई, सोडा. अजून सोडा. घाई नाय." आमचे प्रशिक्षक मालवणचेच, मच्छीमार घरातले. ते हे इतक्या वेळा म्हणाले की पाण्याखालीही मला तेच ऐकू येत होतं. मी त्यांना विचारलं, "दादा, कंटाळा नाही का येत?" तर म्हणाले, घाबरणारी माणसं सांगितलेलं ऐकतात, त्यांना शिकवायला बरं. मला फार धीर आला या वाक्यानं.

[पडद्यावर: सिलिंडर, रेग्युलेटर जवळून]

या सिलिंडरला सगळे ऑक्सिजनची टाकी म्हणतात. आत असते साधी हवा, आपण आत्ता घेतोय तीच, दाबून भरलेली. आणि हा रेग्युलेटर. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्यानं एक झडप बनवली होती. इंजिनाला हवा तेवढाच गॅस सोडणारी. १९४३ मध्ये नौदलातला अधिकारी जाक कुस्तो याच्याबरोबर त्यानं तीच कल्पना पाणबुड्यासाठी वापरली. माणूस ओढेल तेव्हाच आणि तेवढीच हवा द्यायची. आज तोंडात धरलेलं हे यंत्र मुळात त्याच तत्त्वावर चालतं. हे समजल्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला. काहींना देवाचं नाव घेऊन धीर येतो, मला गोष्ट कशी चालते ते कळलं की येतो.

एक नियम मात्र मोडायचा नाही: श्वास रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती तशीच बंद ठेवून वर आलं, तर आतली हवा फुग्यासारखी फुगत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास चालू असेल तर जास्तीची हवा आपसूक निघून जाते.

दुसरी गोष्ट कानांची. खाली जाताना कानाच्या पडद्यावर दाब येतो, आणि तो पहिल्या एक-दोन मीटरमध्येच जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, की आतला दाब सारखा होतो. दुखायच्या आधी, आणि पुन्हा पुन्हा. जोर लावायचा नाही. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही, भले पैसे भरलेले असोत.

आणि खुणा. अंगठा वर म्हणजे आपण 'छान' समजतो. इथे त्याचा अर्थ 'वर चला'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

[पडद्यावर: पाण्याखाली, उतरण]

आता समुद्र. पर्यटकांच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. तुमच्या वाट्याला फक्त श्वास आणि कान. मी होडीच्या शिडीला धरून बराच वेळ पृष्ठभागावर राहिले. कुणी घाई केली नाही. मग खाली.

पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे पहिला मासा अंगावर आल्यासारखाच वाटतो. हे काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर. लाल रंग खोलीबरोबर विरत जातो, सगळ्याला निळसर हिरवी झाक येते. दुरून होडीच्या इंजिनाचा आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगानं धावतो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी पोचतो. आणि हे प्रवाळ. दगड दिसतो, पण सजीव आहे. हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. तरी फोटो चांगला यावा म्हणून काही ठिकाणी माशांना खाणं टाकून गोळा केलं जातं. हे थांबायला हवं. आपण पर्यटकांनीच 'नको' म्हटलं तर ते लवकर थांबेल.

दुसरी तक्रार वेळेची. सुट्टीत गर्दी झाली की माणसं भराभर पाण्यात उतरवली जातात. सराव दोन मिनिटांचा, सूचना वाऱ्यावर. निर्भय तरुण त्यात निभावून जातो. घाबरणारा माणूस मात्र पाण्यात तडफडतो, वर येतो, आणि 'मला जमणार नाही' हे आयुष्यभरासाठी ठरवून घरी जातो. त्याला कमी पडलेली असते ती वेळ. म्हणून ठरवतानाच विचारा: उथळ पाण्यात सराव किती? वर यायचं म्हटलं तर लगेच आणाल का? उत्तर धड मिळालं नाही तर दुसरीकडे जा. दमा, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यातलं काही असेल तर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्याच दिवशीचं परतीचं विमान धरू नका. एका डाइव्हनंतरही निदान बारा तास थांबायला सांगतात.

[पडद्यावर: होडी किनाऱ्याकडे]

आज जे केलं त्याला पोहता यावं लागत नाही. पण स्वतःच्या जबाबदारीवर, जोडीदारासोबत अठरा मीटरपर्यंत जायचं असेल तर ओपन वॉटर अभ्यासक्रम करावा लागतो. त्यासाठी दोनशे मीटर पोहायचं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगायचं, दोन्ही लागतं. मी कोल्हापूरला परतल्यावर पोहण्याच्या महिलांच्या बॅचमध्ये नाव घालतेय. पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद असतो, शिकायला तेवढे महिने आहेत.