मिठाला पाणी सुटलं की कार्डं तपासा

(टेबलावर एक होलो, म्हणजे चमकीचं, कार्ड, चित्र वरच्या बाजूला. दोन्ही कडा वर उचललेल्या. कॅमेरा जवळ.)

हे बघा. याला कुणी दाबलेलं नाही, वाकवलेलं नाही. काल रात्री स्लीव्हमधून, म्हणजे त्याच्या प्लास्टिकच्या पातळ पाकिटातून काढून इथे टेबलावर ठेवलं, खिडकी उघडी टाकली आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर कार्डाची पन्हळ झालेली. जुलै महिना, घर ठाण्यात कोलशेत रोडला, खाडी जवळच. एवढं पुरतं.

नमस्कार मंडळी. पोकेमॉनसारखी जमवायची कार्डं कशी जपायची यावर अमेरिकेतल्या लोकांचे ढिगाने व्हिडिओ आहेत, मीही तेच बघून शिकलो. पण त्यांच्याकडे हिवाळ्यात हीटर लावून घरं कोरडी ठाक पडतात. आपल्याकडे चार महिने भिंतीसुद्धा घामेजलेल्या असतात. पोकेमॉनची पहिली कार्डं जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये आली. त्यातली काही आजही कोरी करकरीत आहेत. ठाण्यात एवढी वर्षं कार्ड टिकवायचं तर जवळपास तीस पावसाळे काढावे लागतात. तेव्हा आज मी जास्त बोलणार आहे ते हवेबद्दल. स्लीव्ह, टॉपलोडर (कार्डाचा कडक प्लास्टिकचा खिसा) वगैरे मधे उरकून घेऊ.

आधी हे कार्ड वाकलं का? होलो कार्डात पुढच्या बाजूला चमकीचा पातळ थर असतो आणि मागे पुठ्ठा. पुठ्ठा हवेतलं पाणी ओढून फुगतो, चमकीचा थर फुगत नाही. मागची बाजू लांबली, पुढची तेवढीच राहिली, म्हणून कडा चित्राच्या दिशेने वर येतात. हवा फार कोरडी झाली की याच्या उलट, कार्ड मागे वाकतं. म्हणजे कार्ड कुठल्या बाजूला वाकलंय एवढ्यावरून तुमच्या डब्यातली हवा कळते. साधं, बिनचमकीचं कार्ड असं बोलत नाही. ते गुपचूप मऊ पडतं आणि मग त्याला बुरशी धरते.

आता मोजायचं कसं? (छोटं डिजिटल आर्द्रतामापक दाखवत) हे हायग्रोमीटर, ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतं. आत्ता दाखवतंय ८६ टक्के. यावर विश्वास ठेवायचा का? त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ.

(बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर पाण्याचे काही थेंब.)

मीठ भिजेल इतकंच पाणी, विरघळून जाईल इतकं नाही. हे झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत घालायचं, पिशवी बंद करून रात्रभर ठेवायची. ओल्या मिठाच्या वरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, ते मिठाचं अंगभूत वागणं आहे. सकाळी मापकाने ७५ दाखवलं तर ठीक. ८० दाखवलं तर तुमचा मापक पाच जास्त सांगतो, तेवढे वजा करत चला. माझा तीन जास्त दाखवतो.

आणि हे कळल्यावर मला आईच्या मिठाच्या बरणीचा उलगडा झाला. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना? हवा ७५ च्या वर गेली की मीठच हवेतलं पाणी ओढायला लागतं. म्हणजे हायग्रोमीटर घरात आधीपासून होता, ओट्यावर. कार्डांना हवी ४५ ते ५० टक्के हवा. साधारण ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशीची पंचाईत सुरू होते. त्यामुळे मीठ ओलं दिसलं, तर उघड्यावरची कार्डं धोक्याच्या पट्ट्यात जाऊन बसलेली आहेत असं समजा.

मग डबा. रबरी कडेचा, चारी बाजूंनी क्लिपा लागणारा, डाळ-तांदूळ भरायला मिळतो तोच. आणि आता ती चूक, जी मी स्वतः केली. मागे एकदा जूनमध्ये पहिला पाऊस पडला, घाबरलो, सगळी कार्डं असल्याच डब्यात भरली, दोन बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, क्लिपा लावल्या. सुरक्षित. ऑगस्टमध्ये मापक आत टाकून बघितला तर ७९!

कारण पाणी डब्यातल्या हवेत नसतंच फारसं, ते कार्डांतच असतं. हिशेब बघा. दहा लिटरच्या डब्यात पावसाळी हवेतलं पाणी भरतं पाव ग्रॅमच्या आसपास. पण हजार कार्डं म्हणजे पावणेदोन किलोच्या जवळपास पुठ्ठा. त्याने दोन-तीन टक्के जरी जादा पाणी धरलेलं असलं तरी झाले चाळीस-पन्नास ग्रॅम. बुटातली पुडी पाच ग्रॅमची, ती पिणार एखादा ग्रॅम. मी जून महिना डब्यात कोंडून ठेवला होता, बस.

आपल्या आज्या हे न शिकता जाणत होत्या. वाळवणं उन्हाळ्यात, धान्य ऊन दाखवून भरायचं, पावसात बरणीत ओला चमचा घालायचा नाही. कार्डांचंही तेच. भरायची वेळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, दुपारी. (कार्डांना ऊन मात्र दाखवू नका, कृपा करा. रंग उडतात, त्यातही लाल-पिवळे आधी.) कोरड्या दिवसांत भरलेला डबा पावसाळ्यात शक्यतो उघडायचा नाही. बघायचाच असेल तर एसी ड्राय मोडवर लावून तासाभराने.

आत्ता जुलैत ज्यांची कार्डं उघड्यावर आहेत त्यांनी काय करायचं? हजार कार्डांना पाव किलो सिलिका जेल घ्या, सुटं, केशरी रंगाचं. पाणी प्यायलं की ते हिरवं होतं. निळं मिळतं, जे गुलाबी होतं, ते मी घेत नाही. त्यात कोबाल्टचं संयुग असतं, विषारी. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. जेल जाळीच्या पिशवीत घाला, कार्डांना टेकू देऊ नका. मापक रोज बघा. ४५ ला आला की निम्मं जेल काढून घ्या, नाहीतर हवा २० पर्यंत खाली जाते आणि होलो उलट्या बाजूला वाकायला लागतात. हिरवं झालेलं जेल ओटीजीमध्ये ११० अंशांवर दोन तास ठेवलं की परत केशरी. आमच्याकडे यावरून वाद झालेत. आता त्याच्यासाठी वेगळा ट्रे आहे.

तांदूळ टाकू का, हा प्रश्न नेहमी येतो. नको. तांदूळ फारसं पाणी ओढत नाही, पिठूळ धूळ सोडतो आणि टोके आणतो. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते आणि वास वर्षानुवर्षं जात नाही. कसर आणि झुरळं बाहेर ठेवायला घट्ट झाकण पुरेसं आहे.

आता प्लास्टिक. तुमचं दहावीचं मार्कशीट कधी फोल्डरमधून काढलंय? अक्षरं प्लास्टिकला चिकटून आलेली, उलटी. ते मऊ पीव्हीसी. त्याला लवचीक ठेवायला जे तेलकट रसायन घालतात ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं. माझा पहिला बाइंडर असाच होता, स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतलेला, जाड रिंगचा. दोन पावसाळे बाहेरच्या भिंतीला टेकून उभा होता. एक दिवस एक पान उचललं तर कार्ड आणि पान एकमेकांना सोडेनात. ओढलं. टेप उचकटल्यासारखा आवाज आला आणि कार्डाच्या कोपऱ्याची चमक पानावर राहिली. (कार्ड दाखवत) हा पांढरा तिकोन दिसतोय ना, नखाएवढा, तो त्याचा. आणि रिंगजवळच्या ओळीतल्या प्रत्येक कार्डावर रिंगेची गोल खूण, ती वेगळीच.

ओळखायचं कसं? वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास आला तर दुकानातच ठेवून द्या. पॉलिप्रॉपिलीन लिहिलेलं घ्या, त्याला जवळजवळ वास नसतो. कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, स्लीव्ह त्याच मापाची, सैल नको. टॉपलोडर कडक पीव्हीसीचे असतात, त्यांत ते तेलकट रसायन नसतं, तरी कार्ड आधी स्लीव्हमध्ये, मगच टॉपलोडरमध्ये. बाइंडर रिंग नसलेला, कडेने कार्ड सरकवायचा. रबरबँड? शाळेत आम्ही ट्रम्प कार्डांच्या गड्डीला लावायचो. सगळ्या गड्डीला दोन्ही कडांना खाच पडायची, आणि शेवटी रबर वितळून वरच्या पत्त्याला चिकटायचा. ग्रेड करून, म्हणजे तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून आलेलं कार्ड ज्या जाड खोक्यात असतं तेही हवाबंद नसतं, ते पण डब्यातच.

डबा कुठे ठेवायचा, हे मात्र नीट ऐका. आपल्या फ्लॅटांत माळा बहुतेक वेळा बाथरूमच्या डोक्यावर असतो. आणि त्याच्याही वर कोण? वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम. तिथे कधी ना कधी गळतंच. माळा बाद. नैऋत्येकडे तोंड असलेली भिंत बाद, पावसाचा मारा तिथेच. जमीनही नको, एक वाळवीसाठी आणि दुसरं तळमजल्यावाल्यांसाठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्या दिवशी जमिनीवर ठेवलेल्या वस्तूंचं काय झालं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. सगळ्यात बरी जागा म्हणजे घराच्या आतल्या भिंतीचं कपाट, मधला कप्पा. बँक लॉकर सुचवतात लोक, पण बऱ्याच लॉकरखोल्या तळघरात असतात. ठेवायचंच तर मघाशी सांगितला तसलाच हवाबंद डबा, छोटा, आणि आत मापक.

महागड्या कार्डांचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा, तारखेसकट. मग पुढे वाद नको.

आणि वाकलेलं कार्ड? इस्त्री नको, हेअर ड्रायर नको, जाड पुस्तकाखाली दाबूनही उपयोग नाही, पुस्तक काढलं की परत वर येतं. पुठ्ठ्यातलं पाणी जाईपर्यंत थांबायचं, एवढाच उपाय. (सुरुवातीचं कार्ड स्लीव्हमध्ये सरकवून डब्यात ठेवत) आतला मापक बघा, ४७. झाकणावर आजची तारीख चिकटवतोय. दोन आठवड्यांनी, याच टेबलावर, तुमच्यासमोरच उघडू.